शिडाची होडी, लेखांक ३ : वजन पाण्याखाली

मागच्या आठवड्यात आपल्या रिमोटवरच्या छोट्या होडीचा थर्माकोलचा साचा तासून झाला. रांजणगावच्या एमआयडीसीत फ्रिजचे कारखाने आहेत, त्यामुळे पॅकिंगचा जाड थर्माकोल भंगारात शोधला तर मिळतो. एक गोष्ट मुद्दाम पुन्हा सांगतो : त्यावर फायबरचं कापड चढवताना इपॉक्सीच वापरा. स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता पाण्याखालचं काम. नवशिक्याचं सगळं लक्ष शिडाकडे असतं, पण होडी वाऱ्यात टिकणार की नाही हे तिच्या पोटाखाली काय आहे त्यावर ठरतं. जगभर शर्यतीत उतरणाऱ्या 'इंटरनॅशनल वन मीटर' वर्गाचा नियम पाहा : होडी जास्तीत जास्त 1 मीटर लांब, वजन किमान 4 किलो, त्यातलं 2.2 ते 2.5 किलो नुसतं कीलचं. कील म्हणजे तळाखालचं उभं पातं आणि त्याच्या टोकाचा शिशाचा गोळा. निम्म्याहून जास्त वजन पाण्याखाली!

वारा शिडाला ढकलतो तशी होडी कलते. जितकी कलते तितका शिशाचा गोळा बाजूला वर येतो आणि तिला जास्त जोराने परत उभी करतो. कललेल्या शिडावर वाऱ्याचा जोरही कमी पडतो. म्हणून नीट बांधलेली होडी झुळकीने आडवी झाली तरी उठून बसते. पात्याचं दुसरं काम याहून मोलाचं. ते होडीला आडवं सरकू देत नाही, आणि त्याच्याच आधारावर ती वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन धरून, नागमोडी जात, वारा येतो त्या दिशेला पोचते. रत्नाकर दांडेकरांनी गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली 56 फुटी 'म्हादेई' घेऊन कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्या नौकेला दक्षिणेकडच्या लाटांत सावरणारं गणितही हेच होतं.

पहिली होडी 60-65 सेंटिमीटरची पुरे. एकूण वजन सव्वा किलोच्या आसपास धरा आणि त्यातलं अर्धं शिशाला द्या. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या प्लास्टिकच्या नळीत भरा आणि वरून इपॉक्सी ओता. घरात शिसं वितळवू नका, त्याची वाफ विषारी असते. पात्याला ॲल्युमिनियमची फूटभर पट्टी चालते.

पातं आणि सुकाणू बसलं की होडी डोलकाठीविना हौदात सोडा. एका बोटाने कडेवर वेगवेगळ्या जागी हलकेच ढकला. नाकाजवळ ढकललं तर नाक वळेल, मागे ढकललं तर शेपूट वळेल. मध्ये एक जागा अशी सापडेल की होडी न वळता सरळ आडवी सरकते. तिथे पेन्सिलीने खूण करा. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही शिडांच्या क्षेत्रफळाचा एकत्रित मध्य या खुणेच्या किंचित पुढे यायला हवा. तलावावर होडी सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवत असेल, तर डोलकाठी थोडी पुढे कलवा. वाऱ्यापासून दूर पळत असेल, तर मागे. ही चाचणी टाळून केलेल्या होड्या सुकाणूशी भांडत राहतात.

रिमोटचं काम त्या मानाने सोपं. दोन चॅनेल लागतात : एक लहान सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर फिरणारी मोटर) सुकाणूला, दुसरा 10 किलो-सेंटिमीटर ताकदीचा शिडाच्या दोरीला. रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, कारण 2.4 गिगाहर्ट्झची लहर पाण्यातून जात नाही.

पाणी कुठलं निवडायचं? रांजणगाव सांडसला भीमा हाकेच्या अंतरावर आहे, पण जलपर्णी आली की तिची मुळं पात्यात अडकतात. खोल गेलेल्या शेततळ्यात बांधाच्या आडोशाने वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि शीड नुसतं फडफडतं. मोकळ्या माळावरचा भरलेला पाझर तलाव सर्वांत चांगला.

शेततळ्यावर जाणारच असाल, तर त्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, हे विसरू नका. काठावर गाठी मारलेला दोर आणि फुगवलेली ट्यूब ठेवल्याशिवाय होडी पाण्यात सोडू नका, आणि होडी मध्ये अडकली तरी मुलांना तिच्यामागे उतरू देऊ नका.