संशोधनाचे अनुदान आणि पेरणीची वेळ

गावोगाव हिंडताना शेतकरी बंधूंकडून एक प्रश्न आम्हां अधिकाऱ्यांस वारंवार विचारला जातो. नवे वाण येणार म्हणून सांगितले जाते. मग ते आमच्या वावरात येण्यास इतकी वर्षे का लागतात? याचे अर्धे उत्तर पिकाच्या स्वभावात आहे. उरलेले अर्धे विद्यापीठाच्या कचेरीत, जमाखर्चाच्या वह्यांत आहे, आणि त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

कृषी संशोधनास पैसा कोठून मिळतो, ते प्रथम पाहू. शाही कृषी आयोगाच्या शिफारशीवरून १९२९ साली आज भारतीय कृषी अनुसंधान परिषद म्हणून ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. १९५७ मध्ये मक्याच्या पिकापासून अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांस प्रारंभ झाला. राज्य कृषी विद्यापीठांतील अशा प्रकल्पांचा खर्च सामान्यतः परिषद ७५ टक्के व राज्य शासन २५ टक्के उचलते. पुण्याचे कृषी महाविद्यालय ज्याचा घटक आहे, ते महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरी येथे १९६८ साली स्थापन झाले. अकोला, दापोली व परभणी येथील विद्यापीठे त्यानंतरची. या चौघांच्या कार्यात मेळ राखण्याचे काम पुण्यात भोसलेनगर भागात असलेली महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद करते.

आता अडचण कोठे आहे ते पाहावे. शासनाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. पिकाचे वर्ष तसे नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला, तर तो १६ ते १८ महिने उभा राहतो. त्यापुढे खोडव्याचे निरीक्षण करावयाचे, म्हणजे एकच प्रयोग तीन आर्थिक वर्षांत पसरतो. मजुरी, खते व कंत्राटी सहायकाचे वेतन मात्र वर्षावर्षाने मंजूर होते. पुढील हप्ता मिळण्यासाठी मागील रकमेचे खर्चपत्रक व उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे लागते. ते पाठविण्यास उशीर झाला, की हप्ता अडतो. हप्ता अडला, की पेरणी चुकते. पाऊस काही मंजुरीच्या आदेशाची वाट पाहत नाही.

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना प्रस्तुत लेखकाने एका योजनेवर काम केले. तुरीच्या वाणांची तुलना करावयाची होती. जमीन तयार होती, बियाणे पिशव्यांत भरून ठेवले होते. परंतु रक्कम खर्च करण्याची परवानगी ऑगस्टच्या मध्यास हाती आली. उशिरा पेरलेली तूर दिवस लहान होऊ लागताच, उंची धरण्यापूर्वीच फुलावर आली. त्या वर्षाचे आकडे निष्कर्षातून वगळावे लागले. पुढे मार्चमध्ये शिल्लक रक्कम परत जाऊ नये म्हणून काचसामान घाईने खरेदी झाले. पैसा खर्च झाला, हिशेबही चोख लागला, पण प्रयोग झाला नाही.

एका हंगामाचे मोल किती, हे समजून घ्यावयास हवे. वाणाची शिफारस करण्यापूर्वी साधारणपणे निदान तीन हंगामांचे, अनेक ठिकाणचे निकाल पाहिले जातात. मग दरवर्षी होणाऱ्या चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीपुढे ते मांडले जातात. एक हंगाम बुडाला, तर ती बैठक हुकते व शिफारस सबंध वर्षाने लांबते. रोगास बळी पडणारे जुने वाण शेतकऱ्यास तेवढे एक वर्ष अधिक पेरावे लागते.

हिशेब तपासणीस दोष देण्यात अर्थ नाही. पैसा जनतेचा आहे. त्याचा कागद असलाच पाहिजे. प्रश्न आहे तो हे कागद कोणी व केव्हा तयार करावयाचे हा. पीकशास्त्रज्ञ निविदांचे तक्ते भरीत बसला, तर खाचरात कोण उभे राहणार? प्रत्येक विद्यापीठात हिशेब व हंगाम दोन्ही समजणारा स्वतंत्र अनुदान कक्ष असावा, असे आमचे मत आहे. त्याने प्रत्येक योजनेचा जमाखर्च महिन्याच्या महिन्यास मिळवावा, म्हणजे मार्चअखेर धावपळ होणार नाही. बियाणे व मजुरीची तरतूद मेपूर्वी पक्की करावी. मंजूर योजनेचा हप्ता अडल्यास विद्यापीठाने फिरत्या निधीतून पेरणीपुरती उचल द्यावी व हप्ता येताच ती वळती करून घ्यावी. यांपैकी हा शेवटचा उपाय आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाकीची सुधारणा होईपर्यंत निदान बी तरी वेळेवर जमिनीत पडेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचाही येथे संबंध येतो. अनुदानासाठी प्रस्ताव लिहिताना ही समस्या किती शेतकऱ्यांची आहे, हा प्रश्न शास्त्रज्ञास विचारला जातो. त्याचे उत्तर गावातूनच यावे लागते. तरी रोग वा कीड दिसताच गाव, पीक, वाण, पेरणीची तारीख, बाधित क्षेत्र व जमिनीचा प्रकार यांची नोंद करावी, आणि ती आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राकडे लेखी द्यावी. केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीवर शेतकरी प्रतिनिधीही असतात. समितीच्या बैठकीपूर्वी त्यांची भेट घेऊन नोंदीची एक प्रत त्यांच्या हाती ठेवावी.