निदर्शने करून जेवायला आलेला पाहुणा

दस्तरखानावर काय मांडले, याइतकेच कोणाला बोलावले यालाही महत्त्व असते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी आणि त्यांच्या पत्नी जॅकलिन यांना हे चांगले उमगले होते. व्हाइट हाउसमधील लांबलचक टेबलांच्या जागी त्यांनी गोल टेबले आणली. गोल टेबलाशी बसल्यावर समोरच्याशी बोलावेच लागते!

११ जुलै १९६१ रोजी पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांना त्यांनी मेजवानी दिली, ती वॉशिंग्टनबाहेर, माउंट व्हर्नन येथे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरच्या हिरवळीवर. पाहुणे पोटोमॅक नदीतून बोटींनी गेले. शंभरावर माणसांचे जेवण व्हाइट हाउसमध्ये तयार करून तिथे न्यावे लागले. थाट मोठा होता, पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढच्या वर्षीची मेजवानी.

२९ एप्रिल १९६२. निमंत्रित होते ४९ नोबेल विजेते. त्यांतले एक रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग. चारच दिवसांपूर्वी अमेरिकेने वातावरणातील अणुचाचण्या पुन्हा सुरू केल्या होत्या. पाउलिंग यांनी त्या दिवशी व्हाइट हाउसच्या फाटकाबाहेर फलक धरून निदर्शने केली, मग कपडे बदलले आणि पत्नी एव्हा हेलन यांच्यासह त्याच घरात जेवायला गेले.

आपल्या गावात सभेत विरोधात बोललेल्याचे नाव इफ्तारच्या यादीतून आधी कापले जाते. इथे यजमानांनी हसून स्वागत केले. केनेडींनी पाउलिंग यांच्या मत मांडण्याचे कौतुकच केले. जॅकलिन यांनी सांगितले, की बाहेरची निदर्शने पाहून छोट्या कॅरोलिनने विचारले होते, बाबांनी आता काय केले? हा टोमणा होता की माफक तक्रार, कोण जाणे. पण मेजबानाच्या तोंडी तो शोभून दिसला. पाहुण्यानेही आपले मत दाराबाहेर ठेवले नव्हते. त्या रात्री पाउलिंग दांपत्य तिथे नाचलेसुद्धा.

जेवणाने चाचण्या थांबल्या नाहीत. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने अंशतः चाचणीबंदीचा करार केला तो ऑगस्ट १९६३ मध्ये. तो १० ऑक्टोबरला अमलात आला आणि पाउलिंग यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले तेही त्याच दिवशी.