व्हिडिओ कॉलमागची काटेकोर वाटणी

बीडच्या दक्षिणेला, धुळे-सोलापूर महामार्गावर आणि बिंदुसरा प्रकल्पाजवळ पाली हे गाव आहे. अशा गावातल्या रुग्णाला आता प्रत्येक वेळी शहर गाठावे लागत नाही. केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेतून उपकेंद्रातल्या कर्मचाऱ्यांमार्फत डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोय नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरूनही थेट बोलता येऊ लागले. पण सल्ला योग्य मिळायचा तर डॉक्टरांना डोळ्यांतला पिवळेपणा, अंगावरचे पुरळ, जखमेच्या कडेचा रंग नीट दिसायला हवा. तो दिसतो की नाही, हे कॅमेऱ्याइतकेच मोबाइलमधल्या एका छोट्या गणितावर अवलंबून असते.

आधी आकडे पाहू. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचे, तर दर सेकंदाला सुमारे ११ कोटी बिट लागतात. गावातल्या मोबाइल नेटवर्कवर एका कॉलच्या वाट्याला काही लाख बिट आले तरी पुष्कळ. म्हणजे चित्र शेकडो पटींनी आकसायला हवे. हे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात चित्राचे छोटे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रावरून कसा असेल याचा अंदाज बांधला जातो आणि अंदाज चुकला तेवढाच फरक ठेवला जातो. तो फरकही स्थूल करून घेतात. बारकावे हरवतात ते इथेच. दुसऱ्या टप्प्यात उरलेली माहिती, त्यातले काहीही न गमावता, कमीत कमी बिटांत भरली जाते. या दुसऱ्या टप्प्याची आजची प्रमुख पद्धत म्हणजे बायनरी अरिथमेटिक कोडिंग, मराठीत द्विअंकी अंकगणिती संकेतन. दुसऱ्या टप्प्यात जितके बिट वाचतील, तितके पहिल्या टप्प्यात कमी बारकावे टाकावे लागतात.

या पद्धतीत सगळी माहिती हो-नाहीच्या प्रश्नांत मोडलेली असते. हा चौकोन मागच्या चित्रावरून घ्यायचा का? फरक शून्य आहे का? शून्य नसेल, तर एकाहून मोठा आहे का? असे हजारो प्रश्न एका चित्रात येतात आणि त्यातल्या बहुतेकांचे उत्तर आधीच जवळपास ठाऊक असते. भिंत मागच्या क्षणी होती तिथेच असते. मग अशा उत्तरासाठी अख्खा बिट का खर्च करायचा?

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले होते, की घटना जितकी अपेक्षित, तितकी तिच्यातली माहिती कमी. १९५२ मधली डेव्हिड हफमन यांची पद्धत या तत्त्वावर चालते, पण तिच्यात प्रत्येक चिन्हाला निदान एक पूर्ण बिट द्यावाच लागतो. बिटाचा अंश वापरण्याची व्यवहार्य वाट १९७६ मध्ये योर्मा रिसानेन आणि रिचर्ड पास्को यांनी स्वतंत्रपणे दाखवली. १९८७ मध्ये विटन, नील आणि क्लिअरी यांनी ती सी भाषेतल्या प्रोग्रॅमसह प्रसिद्ध केली. २००३ च्या एच.२६४ या व्हिडिओ मानकात ती पर्याय म्हणून आली, तर २०१३ च्या एचईव्हीसी मानकात तीच एकमेव पद्धत उरली. २०१० मध्ये गूगलने खुल्या केलेल्या व्हीपी८ मध्येही तीच आहे. ब्राउझरमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलसाठी ज्या पद्धती ब्राउझरला याव्याच लागतात, त्यांत व्हीपी८ चा समावेश आहे.

तिचे काम शेताच्या वाटणीसारखे आहे. व्हीपी८ मध्ये सुरुवातीला २५५ एकक लांबीची पट्टी असते आणि आलेल्या बिटांमधून एक संख्या वाचली जाते. ती संख्या म्हणजे आपण पट्टीवर कुठे उभे आहोत ते. आता समजा, पहिल्या प्रश्नाचे उत्तर ० असण्याची शक्यता २५६ पैकी २३० आहे, म्हणजे सोळा आण्यांत चौदा आण्यांहून थोडी जास्त. डिकोडर त्याच प्रमाणात पट्टीत बांध घालतो. ठरलेल्या सूत्राने तो २२९ वर पडतो. आपली संख्या १५० असेल तर आपण बांधाच्या अलीकडे आहोत, म्हणून उत्तर ०. पट्टी आता २२९ ची झाली. ती १२८ पेक्षा लहान झालेली नाही, म्हणून नवा बिट वाचायची गरजच नाही. उत्तर मिळाले आणि खर्च काही नाही.

संख्या २४० असती, तर आपण बांधापलीकडे असतो आणि उत्तर १ मिळाले असते. पलीकडची पट्टी फक्त २६ ची. १२८ च्या वर येईपर्यंत ती दुप्पट करत जायची, असा नियम आहे : ५२, १०४, २०८. प्रत्येक दुपटीला एक नवा बिट वाचावा लागतो, म्हणजे येथे तीन बिट गेले. अपेक्षित उत्तर जवळजवळ फुकट आणि अनपेक्षित उत्तर महाग, असा हा हिशेब. या शक्यतेचे १०० प्रश्न असतील, तर सरासरी सुमारे ४७ बिटांत काम भागते. पूर्ण बिटाच्या हिशेबाने तेथे १०० लागले असते.

सी भाषेत हा डिकोडर लिहायला जेमतेम वीस-पंचवीस ओळी लागतात. पट्टीची लांबी, हातातली संख्या, किती बिट वापरले त्याची मोजणी आणि पुढचा बाइट कुठे आहे, एवढेच लक्षात ठेवायचे. अपूर्णांक येथे वापरत नाहीत, सगळे गणित पूर्णांकांत होते. कारण पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्राचा बांध अगदी एकाच जागी पडला पाहिजे. एच.२६४ मध्ये तर गुणाकारही टाळला आहे. संभाव्यतेच्या ६४ पायऱ्या ठरवून बांधाची जागा तयार तक्त्यातून उचलतात. वेग वाढवण्यासाठी जाणते प्रोग्रॅमर एकेक बिट न वाचता ३२ किंवा ६४ बिट एकदम उचलून ठेवतात. अँड्रॉइडमधले एच.२६४ आणि एचईव्हीसीचे सॉफ्टवेअर डिकोडर बेंगळुरूच्या इट्टियम सिस्टिम्स या कंपनीने लिहिले आहेत. त्यांचा मोठा भाग सी भाषेतच आहे.

मात्र एवढ्याशा कामाला दोन जोखमी चिकटलेल्या आहेत. पहिली म्हणजे, प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तरांवर उभे असते. बांध एकाने जरी सरकला तरी पुढची सगळी वाटणी चुकते. वाटेत माहितीचा तुकडा हरवला, की चेहऱ्याचे चौकोन होतात किंवा चित्र गोठते आणि स्वयंपूर्ण असे नवे चित्र येईपर्यंत ते सुधारत नाही.

दुसरी जोखीम सुरक्षिततेची. सी भाषा वेगवान आहे, पण आलेली माहिती संपल्यानंतरही पुढचे वाचू नये, हे ती स्वतःहून पाहत नाही. तो पहारा लिहिणाऱ्यानेच ठेवायचा असतो. मुद्दाम बिघडवलेली फाइल पाठवून फोनमध्ये शिरकाव करण्याचे प्रयत्न अशाच फटींतून होतात. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या व्हिडिओ हाताळणाऱ्या भागात ‘स्टेजफ्राइट’ या नावाने गाजलेले दोष सापडले. त्यानंतर २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये डिकोडरना वेगळ्या, बंदिस्त कप्प्यात ठेवण्यात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रांच्या डिकोडरमध्ये गंभीर दोष आढळला. तो अंकगणिती भागात नव्हता, हफमनच्या तक्त्यात होता. पण व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकर याच वेबपी स्वरूपात असतात, हे लक्षात घेतले तर त्याची व्याप्ती कळते. फोन आणि ब्राउझरचे अपडेट पुढे ढकलू नयेत, याचे कारण हेच.

आणि डॉक्टरांशी बोलताना? वरचा हिशेब येथे थेट उपयोगी पडतो. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यात बारीक दाणेदार गोंधळ उमटतो. त्याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून त्यावर भराभर बिट खर्च होतात. हलणारा हात, मागे फिरणारा पंखा, वाऱ्याने उडणारा पडदा यांचेही तसेच. बिट तेवढेच असल्याने कात्री लागते ती पुरळाच्या आणि जखमेच्या बारकाव्यांना. म्हणून फोन हातात न धरता टेकवून ठेवावा, दिवसाउजेडी खिडकीकडे तोंड करून बसावे आणि मागे साधी भिंत असावी. दाखवायचा भाग काही सेकंद स्थिर ठेवला, की चित्र हळूहळू स्वच्छ होत जाते. तरीही रंग नीट दिसत नसेल, तर तसे डॉक्टरांना सांगून, त्यांना हवा असल्यास त्याच उजेडात काढलेला स्थिर फोटो पाठवावा. तेवढ्यानेही भागले नाही, तर प्रत्यक्ष तपासणी टाळू नये.