आघात कमरेत साठत नाही

"इतकी वर्षं जे दाबून ठेवलंय ना, ते सगळं तुमच्या कमरेत साठलंय. इथे मोकळं झालात की सुटलात." योगवर्गात, मसाजच्या टेबलावर, शनिवार-रविवारच्या शिबिरात, मोबाइलवरच्या रील्समध्ये हे वाक्य कुठे ना कुठे कानावर पडतंच. कुणी कमरेऐवजी खांदे म्हणतं, कुणी जबडा, कुणी पोट. ऐकणारी माणसं बहुधा खरोखर पोळलेली असतात. कुणी अपघातातून वाचलेलं, कुणी घरात वर्षानुवर्षं मार खाल्लेलं, कुणाचं मूल गेलेलं. ती विश्वास ठेवतात, पैसे भरतात आणि मोकळं होण्याची वाट बघत राहतात. म्हणून या एका समजुतीचा नीट समाचार घ्यायला हवा.

आधी त्यातलं खरं. भीती शरीरात जाणवते, यात शंका नाही. घटनेला वर्षं लोटली तरी मागून कुणी मोठ्याने हाक मारली की छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, हात गार पडतात, रात्री दचकून जाग येते. "हे सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणणारे नातेवाईकही चुकतातच. त्रास खरा आहे आणि तो शरीरातच होतो. पण जिथे दुखतं तिथेच कारण साठून बसलेलं असतं, असं मात्र नाही.

स्नायू आपल्या मनाने आखडत नाही. मेंदूतला अमिग्डाला धोका हेरतो, हायपोथॅलॅमसमार्फत अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतात, नाडी वाढते आणि मज्जारज्जूतून आलेल्या हुकमावर स्नायू ताठ होतात. आघातानंतर ही सगळी यंत्रणा हळवी होऊन बसते. एकदा चोर बघितलेला राखणीचा कुत्रा पुढे पानं सळसळली तरी भुंकतो, तसं. घडलेल्या प्रसंगाची आठवण मेंदूत असते. ती साठवण्याची सोय स्नायूत नाही, आणि हल्ली ज्याचं नाव ऊठसूट घेतलं जातं त्या फॅशियात, म्हणजे स्नायूंभोवतीच्या आवरणातही नाही.

याचा पुरावा बघा. ज्याची मज्जारज्जू मानेपाशी पूर्ण तुटली आहे, त्याला मानेखालचं शरीर जाणवत नाही, हलवता येत नाही. तरीही त्याला अपघाताची भयस्वप्नं पडू शकतात, पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक विकार, होऊ शकतो. सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेल्या सैनिकाची भीती पायाबरोबर निघून जात नाही. उलट नसलेला पाय अनेकदा वर्षानुवर्षं दुखत राहतो, कारण त्या पायाचा नकाशा मेंदूत शाबूत असतो. भूल दिल्यावर काय होतं तेही बघा. सांध्यात खरी अडचण नसेल, तर ताणाने कायम आखडलेली मान ऑपरेशनच्या टेबलावर सैल पडते. भूल उतरली, तो माणूस आपल्या काळज्यांसह जागा झाला, की ती पुन्हा ताठ होते. साठा मानेत असता तर भुलीने तो हलण्याचं कारण नव्हतं.

ही कल्पना आली कुठून? 1930च्या दशकात मनोविश्लेषक विल्हेल्म राइश यांनी मांडलं की दाबलेल्या भावनांचं स्नायूंवर चिलखत चढतं. पुढे पीटर लेव्हिन यांनी सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग ही पद्धत रचली आणि 1997च्या पुस्तकात सांगितलं की जंगलातले प्राणी शिकाऱ्याच्या तावडीतून सुटले की थरथरून ताण झटकून टाकतात, म्हणून त्यांना आघात होत नाही. माणूस मात्र थरथर दाबतो. ऐकायला हे फार पटतं. पण लियाना झॅनेट आणि सहकाऱ्यांनी 2019 साली चिकडी नावाच्या छोट्या रानपक्ष्यांना दोन दिवस शिकारी पक्ष्यांचे आवाज ऐकवले, तेव्हा सात दिवसांनंतरही त्यांच्या वागण्यात आणि मेंदूत भीतीच्या खुणा होत्या. तिसरं नाव मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांचं. 2014 साली आलेलं त्यांचं 'द बॉडी कीप्स द स्कोअर' (शरीर हिशेब ठेवतं) प्रचंड खपलं. त्या पुस्तकात पानंच्या पानं मेंदूवर आहेत. लोकांनी उचललं ते फक्त शीर्षक.

मग शिबिरात लोक रडतात, थरथरतात, त्यांची बोटं वाकडी होतात, ते काय असतं? बोटांचं आधी सांगतो, कारण तिथेच सर्वांत जास्त दिशाभूल होते. 'ब्रीदवर्क'च्या सत्रात माणूस चटईवर पडून तासभर जोरजोरात, भराभर श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उतरतो, रक्त अधिक अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. आधी ओठांभोवती मुंग्या येतात, मग बोटांच्या टोकांना. त्यानंतर मनगट आतल्या बाजूला वळतं, बोटं सरळ राहून एकमेकांना चिकटतात, अंगठा तळव्यात जातो. मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसल्याने गरगरतं, आपण तरंगतोय असं वाटतं. घाबरून धाप लागलेल्या रुग्णात कॅज्युअल्टीतले डॉक्टर हेच बघतात. शिबिरात याच लक्षणांकडे बोट दाखवून सांगितलं जातं, "बघा, आघात बाहेर पडतोय." बाहेर पडतोय तो कार्बन डायऑक्साइड. अपस्मार, हृदयविकार किंवा गरोदरपण असलेल्या व्यक्तीला हे करायला लावणं धोक्याचं आहे, आणि सत्राच्या आधी हे विचारलंही जात नसेल तर ती सरळसरळ बेपर्वाई आहे.

रडण्याचं कारण साधं असतं. खूप दिवसांनी कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष दिलेलं असतं, अंग सैल पडलेलं असतं, शेजारचाही रडत असतो. त्यानंतर हलकं वाटतं आणि वाटू द्यावं. पण हलकं वाटणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रागाचंही असंच. ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली 600 विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्याचा विचार मनात ठेवून पंचिंग बॅगला ठोसे लावणारे विद्यार्थी शेवटी अधिक चिडलेले निघाले. काहीही न करता स्वस्थ बसलेल्यांचा राग त्यांच्यापेक्षा कमी होता.

याचा अर्थ शरीराच्या वाटेने जाणारे उपचार टाकाऊ आहेत असा कुणी काढू नये. व्हॅन डर कोल्क यांच्याच 2014च्या चाचणीत, इतर उपचारांनी फरक न पडलेल्या 64 स्त्रिया होत्या. त्यांपैकी निम्म्यांनी 10 आठवडे, आठवड्यातून एक तास, आघातग्रस्तांसाठी बेतलेला योग केला. उरलेल्यांना तितकाच वेळ आरोग्यशिक्षणाचा वर्ग होता. शेवटी योगगटातल्या 31पैकी 16 जणी पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर पडल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या 29पैकी 6. फरक मोठा आहे. मात्र शोधनिबंधाच्या शीर्षकातच योगाला पूरक उपचार म्हटलं आहे, हे सांगायचं राहून जातं. लेव्हिन यांच्या पद्धतीची 2017 साली इस्रायलमध्ये 63 जणांवर चाचणी झाली, तिचेही निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत. पण तिथे तुलना प्रतीक्षायादीतल्या लोकांशी होती, दुसऱ्या एखाद्या उपचाराशी नव्हती.

फायदा होतो तो साठा रिकामा झाल्यामुळे नाही. लुसियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 2001 साली दाखवलं की जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत येतो आणि हृदय-रक्तदाबाचं नियंत्रण सुधारतं. सावकाश श्वासामुळे, पावलं जमिनीवर टेकल्याची जाणीव घेतल्यामुळे, छातीतली धडधड वाढताना आणि पुन्हा ओसरताना अनुभवल्यामुळे मेंदूला कळत जातं की ही धडधड म्हणजे संकट नव्हे. हे शिकणं आहे. ते सरावाने, पुन्हा पुन्हा होतं, एका रविवारी होत नाही.

आणखी काही समज थोडक्यात.

आघात झाला की आयुष्य कायमचं मोडतं, असं नाही. अनेक देशांतल्या जागतिक मानसिक आरोग्य सर्वेक्षणांनुसार सुमारे 70 टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात एखादा तरी आघात येतो, आणि त्यांच्यापैकी साधारण 5.6 टक्के लोकांना कधी ना कधी पीटीएसडी होतो.

घटना घडताच माणसाकडून सगळं वदवून घ्यावं, हेही चूक. कॉक्रेन संस्थेच्या 2002च्या संशोधन-आढाव्यात अशा एका बैठकीने पीटीएसडी टळल्याचं दिसलं नाही, उलट अपायाची शक्यता दिसली.

ध्यान सगळ्यांनाच मानवतं, असंही नाही. डोळे मिटून ध्यान केल्याने काहींची घबराट वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, नको वाटलं तर थांबावं.

ईएमडीआर, म्हणजे डोळे इकडेतिकडे फिरवत आघाताच्या आठवणीवर काम करणारी उपचारपद्धती, ही नजरेची जादू नाही. डब्ल्यूएचओने 2013 साली तिची शिफारस केली आहे. वाद आहे तो डोळे फिरवण्याचा वाटा किती, याबद्दल.

"तुमच्या खांद्यावरून कळतं, लहानपणी तुमच्यावर अत्याचार झालाय," असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. खांद्यावरून असं काही कळत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1995च्या प्रयोगात 24पैकी सहा जणांना, लहानपणी आपण दुकानांच्या गर्दीत हरवलो होतो, ही कधीच न घडलेली गोष्ट थोडीफार 'आठवू' लागली होती. सूचनेने खोटी आठवण रुजते आणि घरं उद्ध्वस्त होतात.

सर्वांत चीड येते ती ज्याला रडू येत नाही, त्याला "तुम्ही अजून सोडायला तयार नाही" असं ऐकवतात तेव्हा. सोसलेल्या माणसावर बरं न होण्याचाही दोष टाकला जातो. तो पुढच्या शिबिराचे पैसे भरतो, आणि ज्यांचा पुरावा भक्कम आहे ते आघातकेंद्री मानसोपचार लांबणीवर पडतात. त्यांत प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने, ठरवून, हळूहळू त्या आठवणीला सामोरं जायचं असतं. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे बहुतेक मानसिक विकारांत 70 टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांबाहेर आहेत. त्यात ही भर नको.

शरीरावर काम करणाऱ्याकडे जरूर जा, पण आधी विचारा: तुमचं शिक्षण काय, स्पर्श करण्यापूर्वी परवानगी घेता का, मधेच थांबवता येईल का, त्रास वाढला तर मला कोणाकडे पाठवाल? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचं कुणी सांगत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. आणि कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न भरता, मराठीतून बोलता येतं.