गोलरक्षक मिखायलोव्ह

फुटबॉलच्या अकरा खेळाडूंपैकीं चेंडूला हात लावण्याची मुभा एकट्या गोलरक्षकास असते, आणि चुकीची शिक्षाही बहुधा त्यालाच तत्काळ मिळते. बल्गेरियाचे बोरिस्लाव मिखायलोव्ह यांच्या चरित्रांत ही गोष्ट मैदानाबाहेरही घडलेली दिसते.

त्यांचा जन्म १९६३ सालीं सोफिया येथें झाला. वडील बिसेर हेही लेव्हस्की संघाचे गोलरक्षक. तेव्हां विद्या घरचीच. १९८५ च्या जून महिन्यांत लेव्हस्की व सीएसकेए या हाडवैरी संघांत चषकाचा अंतिम सामना झाला आणि त्यांत हातघाईच जुंपली. सरकारनें दोन्ही संघ मोडून त्यांचीं नांवें बदललीं व मिखायलोव्ह यांस जन्मभर खेळण्याची मनाई केली. ती ‘जन्मभराची’ मनाई एक वर्षही टिकली नाहीं! १९८६ च्या विश्वचषकांत मेक्सिकोमध्यें बल्गेरियाच्या गोलांत तेच उभे होते.

या राष्ट्राची तोंवरची कथा केविलवाणी होती. १९६२ पासून पांच विश्वचषकांत सोळा सामने, आणि विजय एकही नाहीं. १९९४ मध्यें अमेरिकेंत मिखायलोव्ह कर्णधार झाले, तरी पहिल्याच सामन्यांत नायजेरियानें तीन गोल चढविले. पुढें मात्र ग्रीस व आर्जेंटिना यांवर विजय मिळाला आणि मेक्सिकोशीं गांठ पडली. या सामन्यांत एका बाजूचा गोलाचा सांगाडाच मोडला व दुसरा आणून उभा करावा लागला. अखेर १–१ अशी बरोबरी राहिल्यानें निकाल पेनल्टींवर गेला.

पेनल्टी म्हणजे काय, तें येथें सांगितलें पाहिजे. चेंडू बारा यार्डांवर ठेवलेला; गोल आठ यार्ड रुंद व आठ फूट उंच. चेंडू कोठें जाईल हें दिसेपर्यंत थांबलें तर उशीर होतो, म्हणून गोलरक्षकास तर्कावर उडी घ्यावी लागते. मेक्सिकोचा पहिला फटका गोलावरून गेला. पुढचे दोन मिखायलोव्ह यांनीं अडविले. बल्गेरियानें ३–१ अशी सरशी केली व नंतर जर्मनीसही २–१ असें हरविलें. संघ चौथा आला. एवढ्या लहान राष्ट्रास हें यश काय वाटलें असेल, याची कल्पनाच करावी.

एकंदर १०२ आंतरराष्ट्रीय सामने खेळून, पोर्तुगाल, फ्रान्स व इंग्लंड येथील संघांतही चाकरी करून, ते निवृत्त झाले. २००५ मध्यें बल्गेरियन फुटबॉल संघटनेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. माझ्या मतें तेंच त्यांस महाग पडलें. २०१९ मध्यें सोफियांतील इंग्लंडविरुद्धच्या सामन्यांत कांहीं प्रेक्षकांनीं कृष्णवर्णी खेळाडूंस हिणविलें. त्या गदारोळांत त्यांनीं राजीनामा दिला. २०२१ मध्यें ते पुनः निवडून आले. परंतु राष्ट्रीय संघ खालावत चालला होता, व लोकांनीं त्याचा दोष अध्यक्षांवरच ठेवला. नोव्हेंबर २०२३ मध्यें हंगेरीशीं सामना प्रेक्षकांवांचून खेळविण्यांत आला. आंत रिकाम्या पायऱ्या, आणि बाहेर त्यांच्याविरुद्ध हजारोंचा जमाव व पोलिसांशीं झटापट. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनीं पद सोडण्याचें जाहीर केलें. त्या जमावांतील कित्येकांनीं लहानपणीं १९९४ च्या त्या दोन पेनल्टी पाहून टाळ्या पिटल्या असतील.