मुका फोटो आणि बोलका फोन

आज माझ्याच दवाखान्यातील एका चुकीपासून सुरुवात करतो.

गेल्या दिवाळीत माझा दवाखाना चार दिवस बंद होता. तशी सूचना आमच्या कंपाउंडरने मोबाईलवर हौसेने तयार केली. कडेला पणत्या, वर आकाशकंदील आणि मधोमध रंगीत अक्षरांत सुट्टीच्या तारखा. ही सूचना व्हॉट्सॲपवर सर्व नेहमीच्या रुग्णांना गेली. ती पाहून मीही शाबासकी दिली.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी घाटंजी तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ एस.टी.ने यवतमाळला आले, बंद दरवाजाशी तासभर बसले आणि परत गेले. वय साठीच्या पुढे, दहा-बारा वर्षांचा मधुमेह, आणि काचबिंदूमुळे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली. गोळ्या संपल्या होत्या. गावात औषधाचे दुकान नाही. दवाखाना उघडल्यावर ते पुन्हा आले तेव्हा रक्तातील साखर ३८० होती. मी जरा रागावूनच विचारले, "काका, दवाखाना बंद असल्याचा मेसेज पाठवला होता ना तुम्हाला?"

ते शांतपणे म्हणाले, "फोटू तं आला होता जी, डॉक्टरसाहेब. पन फोन नुसता 'फोटो' म्हनते. आतमंधी काय लिवलं हाये, थे कोन सांगन?"

मी चरकलो. बत्तीस वर्षे प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरने अंध रुग्णाला चित्र पाठवले होते!

फोन बोलतो, पण काय बोलतो?

पुष्कळांना ठाऊक नसते की आजच्या साध्या स्मार्टफोनमध्येही पडद्यावरील मजकूर वाचून दाखवण्याची सोय असते. अँड्रॉइड फोनमध्ये तिला 'टॉकबॅक' म्हणतात. पडद्यावर बोट फिरवले की बोटाखाली जे असेल ते फोन उच्चारतो, मराठीतसुद्धा. संगणकावर 'एनव्हीडीए' नावाचा कार्यक्रम हेच काम करतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने त्याची सुरुवात केली आणि तो फुकट मिळतो.

परंतु या सोयीची एक मर्यादा आहे. टाईप केलेली अक्षरे ती वाचते. चित्र मात्र तिच्या दृष्टीने बंद पेटी. म्हणून इंटरनेटवरील पानांसाठी एक पद्धत पडली. प्रत्येक चित्रामागे त्याचे वर्णन करणारे दोन शब्द लिहून ठेवायचे. डोळस वाचकाला ते दिसत नाहीत, अंध वाचकाला ऐकू येतात. याला 'पर्यायी मजकूर' म्हणतात. १९९९ साली इंटरनेटचे जागतिक नियम ठरवणाऱ्या संस्थेने अपंगांसाठीची पहिली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यातला पहिलाच मुद्दा हा होता. पण लिहिणाऱ्याने कंटाळा केला की पेटी बंदच राहते, आणि आपण बहुतेक जण कंटाळाच करतो.

यंत्र चित्र कसे ओळखते?

माणूस लिहीत नाही, तर यंत्राने लिहावे, असा विचार पुढे आला. २०१६ साली फेसबुकने चित्रांची आपोआप वर्णने देण्यास सुरुवात केली. सुरुवातीला हे यंत्र झाड, मोटार, हसरा चेहरा अशा सुमारे शंभरच गोष्टी ओळखत असे. २०२१ पर्यंत हा आकडा बाराशेच्या वर गेला. या कामात मॅट किंग हे स्वतः अंध असलेले अभियंते होते. २०१७ साली मायक्रोसॉफ्टचे 'सीइंग एआय' आले. त्यामागेही साकिब शेख हे अंध अभियंते आहेत. २०२३ पासून तर यंत्र अख्खे परिच्छेद सांगू लागले आहे आणि आपण प्रश्न विचारला तर उत्तरही देते.

हे कसे जमते? लहान मुलाला आपण गाय दाखवून 'गाय' म्हणतो, बैल दाखवून 'बैल' म्हणतो. यंत्राला असेच कोट्यवधी फोटो त्यांच्या वर्णनांसह दाखवलेले असतात. त्यावरून कोणत्या आकार-रंगांबरोबर कोणते शब्द येतात, याचा अंदाज ते बांधते. येथे 'अंदाज' हा शब्द ध्यानात ठेवा. यंत्राला दिसत नाही आणि कळतही नाही. जे शब्द सर्वांत संभवनीय वाटतात ते ते सांगते. जे फोटो शिकवणीत कमी होते, तिथे चूक जास्त. आणि चूक करतानाही त्याचा आवाज कापत नाही. नवशिक्या डॉक्टरासारखे थोडेसे!

गोळ्यांच्या पाकिटाची गोष्ट

याच काकांनी पुढच्या खेपेस एक गोष्ट सांगितली. पुतण्याने फोनमध्ये असे एक ॲप घालून दिले होते आणि कॅमेऱ्यासमोर गोळ्यांचे पाकीट धरून ते नाव ऐकत असत. मी म्हटले, माझ्यासमोर करून दाखवा. त्यांनी अर्धवट वापरलेले, दुमडलेले पाकीट धरले. फोन म्हणाला, मेटफॉर्मिन ५००. मी पाकीट हातात घेऊन उलगडले. त्यात मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड होते. दुमडलेल्या भागात ते नाव झाकले गेले होते. यंत्र खोटे बोलले नव्हते, जेवढे समोर होते तेवढे त्याने वाचले. पण नुसते मेटफॉर्मिन समजून ही गोळी कोणी उपाशीपोटी घेतली किंवा दोनदा घेतली, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते.

त्यावर मी साधा उपाय केला. सकाळच्या पाकिटाला एक रबरबँड, रात्रीच्या पाकिटाला दोन. बोटांना कळणारी खूण कधी चुकीचे वर्णन करत नाही. फोन राहू द्या, पण दुसरा साक्षीदार म्हणून.

आपल्या जिल्ह्याला दुसरेही एक उदाहरण सहज कळेल. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही धोका कळावा म्हणून हे चित्र. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्याने विषबाधेचे जे मृत्यू पाहिले, त्यानंतर या त्रिकोणाचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको. यंत्र या डब्याचे वर्णन 'लेबल असलेली प्लास्टिकची बाटली' असे करील आणि ते खरेही असेल. पण जीव वाचवणारी गोष्ट त्यात नसेल. चित्रात महत्त्वाचे काय, हे ते चित्र कशासाठी आहे हे जाणणारा माणूसच सांगू शकतो.

हा उपकार नव्हे, हक्क आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. या प्रकरणातील एक अर्जदार स्वतः दृष्टिहीन होते. बँकेचा अर्ज, रेशनची सूचना, तपासणीचा रिपोर्ट हे सारे आता फोनवर येते. ते वाचता न येणे म्हणजे दाराबाहेर ताटकळणे, जसे आमचे काका बसले होते.

आपल्या महाराष्ट्रात या बाबतीत चांगली कामे झालेली आहेत. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठीतील ब्रेल पाक्षिक सुरू केले. रिझर्व्ह बँकेचे 'मणी' हे ॲप २०२० पासून आहे. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ती किती रुपयांची ते सांगते, तेही इंटरनेटशिवाय. मात्र नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही.

आपण काय करावे?

१. व्हॉट्सॲपवर पत्रिका, निधनवार्ता, सूचना यांचे चित्र पाठवताना खाली दोन ओळी टाईप करा: काय, कुठे, केव्हा. किंवा आवाजात सांगून पाठवा.

२. घरात कोणाची दृष्टी गेली असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' शोधा, तेथे टॉकबॅक सापडेल. पहिले आठ दिवस कठीण जातील. कोणीतरी शेजारी बसून शिकवा.

३. औषध, फवारणीचे द्रव्य आणि पैशाचे कागद यांबाबत यंत्राच्या वर्णनावर एकट्यावर विसंबू नका. पाकीट पूर्ण उलगडून धरा आणि डोळस माणसाकडून एकदा खात्री करा.

४. आधार कार्ड, बँकेचे कागद, रिपोर्ट यांचे फोटो कोणत्याही ॲपला देण्यापूर्वी विचार करा. पुष्कळ ॲप फोटो बाहेरच्या संगणकाकडे पाठवतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, डोळे जाण्याची वाट पाहू नका. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वात ६६ टक्के वाटा मोतीबिंदूचा आढळला आणि मोतीबिंदू शस्त्रक्रियेने बरा होतो. काचबिंदूचे तसे नाही. तो बहुतेकदा दुखत नाही, बाजूची नजर चोरून नेतो आणि गेलेली नजर परत येत नाही. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासा. काकांचा दाब वेळीच तपासला गेला असता, तर आजचा लेख लिहिण्याची वेळ कदाचित आली नसती. त्यांच्या मधुमेहाचे उपचार माझ्याकडेच होते, हेही येथे कबूल करतो.

आता आमच्या दवाखान्याची प्रत्येक सूचना टाईप करून जाते. पणत्यांचे चित्र काढायला कंपाउंडरला मनाई नाही, पण मजकूर आधी. मागच्या आठवड्यात गावी जाण्यासाठी एक दिवस सुट्टी घेतली, तेव्हा सर्वांत आधी काकांचाच फोन आला, "समजलं जी, डॉक्टरसाहेब. मी सोमवारी येतो."