विश्लेषण : यकृतात ‘शंट’ बसवल्यानंतरचा ताप साधा का समजू नये?

यकृताच्या सिरॉसिसमध्ये वारंवार रक्ताची उलटी होणाऱ्या किंवा पोटातले पाणी औषधांनी न हटणाऱ्या रुग्णांसाठी ‘टिप्स’ ही शंट प्रक्रिया मोठा आधार ठरली आहे. बुलढाणा जिल्ह्यातील रुग्णाला त्यासाठी मोठ्या शहरातील रुग्णालय गाठावे लागते. काही दिवसांत तो घरी परततो. पुढे येणारा ताप, थंडी किंवा असंबद्ध बोलणे मात्र गावातच सुरू होते आणि पहिला इलाजही गावातच होतो. त्या पहिल्या काही तासांत काय केले जाते, यावर बरेच काही अवलंबून असते.

‘टिप्स’ प्रक्रियेत नेमके काय करतात?

सिरॉसिसमध्ये यकृताच्या पेशी नष्ट होऊन त्यांच्या जागी कठीण, व्रणासारखा भाग तयार होतो. आतड्यांकडून येणारे रक्त ‘पोर्टल व्हेन’ या मोठ्या शिरेतून यकृतात शिरते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन-चतुर्थांश रक्त याच वाटेने येते. ही वाट आवळली गेली की मागे दाब वाढतो. अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि फुटल्या तर रक्ताची उलटी होते. पोटातही पाणी साचते. यालाच जलोदर म्हणतात.

हा दाब कमी करण्यासाठी मानेतील शिरेतून बारीक नळी यकृतापर्यंत नेली जाते. पोर्टल व्हेनची फांदी आणि यकृतातून रक्त बाहेर नेणारी शीर यांच्यामध्ये वाट पाडून तिथे धातूच्या जाळीचा स्टेंट बसवला जातो. त्यासाठी पोट उघडावे लागत नाही. स्टेंट वापरून माणसावर अशी पहिली प्रक्रिया जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे १९८८ मध्ये झाली. आता विशेष आवरण असलेले स्टेंट वापरले जातात. ते लवकर बंद पडत नाहीत.

मग संसर्गाचा धोका कुठून येतो?

आतड्यांतून येणाऱ्या रक्ताबरोबर काही जंतूही येतात. निरोगी यकृतातील विशिष्ट पेशी ते गाळून नष्ट करतात. सिरॉसिसमध्ये ही गाळणी आधीच कमजोर झालेली असते आणि आतड्यांच्या भिंतीतून जंतू अधिक सहज रक्तात शिरतात. शंट बसवल्यावर रक्ताचा मोठा भाग गाळणीला वळसा घालून थेट हृदयाकडे जातो. त्यामुळे रक्तात शिरलेल्या जंतूंना अडवणारा एक पहारा कमी होतो.

दुसरी वाट प्रक्रियेचीच असते. सुई आणि नळी त्वचेतून आत जाताना जंतू शिरू शकतात. क्वचित यकृतातील पित्तनलिकेला धक्का लागून पित्तातील जंतू रक्तात मिसळतात. म्हणून अनेक केंद्रांत प्रक्रियेआधी अँटिबायोटिकचा डोस देतात. तो प्रत्येकालाच द्यावा का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. शरीरात आधीच सक्रिय संसर्ग असेल, तर तो आटोक्यात येईपर्यंत शंट पुढे ढकलला जातो.

स्टेंटलाच संसर्ग झाला तर?

याला ‘एंडोटिप्सायटिस’ म्हणतात. जंतू स्टेंटच्या आत किंवा तिथल्या गुठळीत घर करतात आणि रक्तात पुन्हा पुन्हा सापडत राहतात. हा प्रकार दुर्मीळ आहे. शंट बसवलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण एकाला तो होतो. मात्र तो प्रक्रियेनंतर काही दिवसांत होऊ शकतो, तसा अनेक महिन्यांनी किंवा वर्षांनीही होऊ शकतो.

अडचण अशी की हा स्टेंट यकृताच्या आत रुतलेला असतो. खराब झालेला सलाइनचा कॅथेटर जसा काढून टाकता येतो, तसा तो काढता येत नाही. त्यामुळे अनेक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागते. काही रुग्णांत यकृत प्रत्यारोपण हाच शेवटचा मार्ग उरतो. नेमका जंतू कोणता, हे रक्ताच्या कल्चर तपासणीतून कळते. म्हणून ही तपासणी इथे निर्णायक ठरते.

ताप नसेल तर संसर्ग नाही, असे समजावे का?

नाही. सिरॉसिसच्या रुग्णात तीव्र संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. दिवसा झोप आणि रात्री जागरण, हात थरथरणे, घरच्यांना न ओळखणे, असंबद्ध बडबड ही लक्षणेही संसर्गाची असू शकतात. शंटनंतर अशी मेंदूची गुंगी बऱ्याच रुग्णांत एरवीही येते. ‘हे शंटमुळेच होणार’ म्हणून घरचे थांबतात आणि त्यामागचा संसर्ग निसटतो.

थंडी वाजणे, पोटदुखी, लघवी कमी होणे, कावीळ अचानक वाढणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी यापैकी काहीही दिसले तर थांबू नये. पोटात पाणी उरले असेल तर त्या पाण्याचीही तपासणी करतात. त्यात न्युट्रोफिल पेशी प्रति घन मिलिमीटर २५० किंवा अधिक आढळल्या तर तो संसर्ग मानून लगेच उपचार सुरू होतात.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधन आढाव्यानुसार, संसर्गामुळे सिरॉसिसच्या रुग्णाच्या मृत्यूचा धोका सुमारे चौपट होतो. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण महिन्याभरात दगावतात.

गावातील इलाजात काय टाळावे?

ताप आला की एक इंजेक्शन, एक सलाइन आणि मेडिकलमधून दोन गोळ्या, ही सवय इथे महागात पडते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाला इजा करू शकतात. पॅरासिटामॉलही किती घ्यायची, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले असावे.

कल्चरसाठी रक्त न घेताच अँटिबायोटिक दिले तर जंतू ओळखणे अवघड होते. रक्त आधी घ्यावे आणि औषध त्यानंतर लगेच सुरू करावे. मात्र रुग्ण गंभीर असेल आणि कल्चरची सोय नसेल, तर त्यासाठी औषध अडवून ठेवू नये. आम्लपित्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःहून घेणेही बरे नाही. त्यांचा संबंध सिरॉसिसमधील संसर्गाशी आढळला आहे.

बुलढाण्यातील रुग्णांनी कोणती तयारी ठेवावी?

घाटाखालचे लोक बहुधा अकोल्याकडे जातात, घाटावरचे छत्रपती संभाजीनगरकडे. बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले असून त्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. रक्त कल्चर आणि पोटातील पाण्याची तपासणी जवळ कुठे होते, हे रुग्ण ठणठणीत असतानाच विचारून ठेवावे. रात्री-अपरात्री प्रकृती बिघडली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून जाणून घ्यावे.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा खारपाणपट्टा आहे. जलोदराच्या रुग्णाला मीठ कमी करायला सांगितलेले असते. त्यामुळे विहीर किंवा बोअरचे खारट पाणी प्यायला वापरत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. हिपॅटायटिस बी, फ्लू आणि न्युमोकोकल लसींबद्दल विचारावे. दारू पूर्ण बंद हवी.

मग शंट नकोच का?

तसे नाही. योग्य रुग्णात शंटमुळे पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका कमी होतो आणि पोटातले पाणी पुन्हा पुन्हा काढावे लागत नाही. काही रुग्णांत तो जीव वाचवतो. धोका ओळखून सावध राहणे एवढेच रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हातात आहे.

त्यासाठी डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये असावा. ‘यकृतात टिप्स स्टेंट आहे’, तो बसवल्याची तारीख, सुरू असलेली औषधे आणि उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती रुग्णाच्या खिशात ठेवावी. रात्री दोन वाजता रुग्णाला पहिल्यांदाच पाहणाऱ्या डॉक्टरला ही चिठ्ठी सर्वाधिक उपयोगी पडेल.